चिटपाखरू

आमची आजी जायकवाडीच्या धरणात गाव गेलेली बाई. गाव उठल्याची गोष्ट मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल, मोजदाद नाही. मधला मजकूर दर वेळी थोडा बदलायचा, शेवट मात्र ठरलेला. बैलगाडीत शेवटचं सामान चढलं, वेस ओलांडली, तिने मागे वळून पाहिलं. "गावात चिटपाखरू नव्हतं बघ लेकरा. कुत्रंसुदिक उरलं नव्हतं." इथे ती थांबायची आणि पदराने तोंड पुसायची. मी पुढे इतिहास शिकले, शिकवायलाही लागले, आणि एकदा झियाउद्दीन बरनीने लिहिलेली दिल्ली उजाड झाल्याची हकीकत वाचताना थबकले. महंमद तुघलकाने दिल्लीची माणसं आमच्या देवगिरीला हलवली, तेव्हा शहर असं ओसाड पडलं की वाड्याहवेल्यांत कुत्रं-मांजरही उरलं नाही, असं बरनी सांगतो. सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वी फारसीत लिहिणारा एक दरबारी माणूस आणि माझी निरक्षर आजी. दोघांच्या गोष्टीत तेच कुत्रं.

त्या दिवसापासून मी तवारिखा वेगळ्या कानाने वाचते.

तारीख हा शब्द आपण रोज वापरतो. कोर्टाची तारीख, लग्नाची तारीख, पगाराची तारीख. अरबी-फारसीत त्याच शब्दाचा अर्थ इतिहास असाही होतो आणि तवारीख हे त्याचं अनेकवचन. मराठीत दोन्ही शब्द आले, पण वेगवेगळ्या घरी राहायला गेले. तारीख कॅलेंडरात गेली, तवारीख दप्तरात. बरनीच्या ग्रंथाचं नाव 'तारीख-ए-फिरोजशाही', तो १३५७ साली पुरा झाला. त्यात आपल्या अर्थाच्या तारखा फार थोड्या आहेत. राजधानी नेमकी कोणत्या साली हलली, हे त्यात शोधून सापडत नाही. सुलतानाच्या योजना तो एकामागून एक मांडतो, पण घडल्या त्या क्रमाने नव्हे, आणि क्रम पाळलेला नाही हे स्वतःच सांगतो. मात्र अल्लाउद्दीन खलजीच्या बाजारातले भाव त्याला विचारा. गहू साडेसात जितल (तेव्हाचं छोटं नाणं) मण, जव ४, तांदूळ ५, हरभरा ५. हे त्याच्या तरुणपणातले भाव, आणि लिहिताना तो हिजरी वर्षांनी ७४ वर्षांचा होता.

आजीलाही गाव कोणत्या साली उठलं हे सांगता यायचं नाही. "तुझ्या आत्याच्या खेपेला" एवढीच तिची कालगणना. पण त्या वर्षी मोंढ्यात ज्वारी काय भावाने गेली, आडत्याने किती कापले आणि त्यातून किती डबे तेल आलं, हे ती घडाघडा सांगायची. म्हातारपणाची स्मरणशक्ती कमजोर असते असं आपण म्हणतो. ती कमजोर नसते, तिची जागा वेगळी असते. वर्ष हा सरकारी हिशेब आहे, भाव हा घरचा. बरनीने काय विसरलं आणि काय धरून ठेवलं, याकडे मी आता त्याची चूक म्हणून पाहत नाही. त्यातून मला त्याची बसायची जागा कळते.

ती जागा कोणती होती, हे आधी सांगायला हवं. बरनीचं घराणं वरच्या अंमलदारांचं. चुलता अल्लाउद्दीनच्या काळात दिल्लीचा कोतवाल. स्वतः बरनी महंमद तुघलकाचा नदीम, म्हणजे बैठकीतला सोबती, १७ वर्षं आणि ३ महिने. १३५१ मध्ये सुलतान सिंधमध्ये वारला, फिरोजशहा गादीवर आला आणि बरनीचे दिवस फिरले. काही महिने भटनेरच्या किल्ल्यात कैद झाली, दरबार सुटला तो सुटलाच. मग पैसा नसलेल्या, मान नसलेल्या म्हातारपणात त्याने हा ग्रंथ लिहिला. मेला तेव्हा अंगावरचे कपडेही दान करून बसला होता, असं त्याच काळातला एक सूफी चरित्रकार लिहून ठेवतो. म्हणजे जे पान आपण 'समकालीन साधन' म्हणून उघडतो, ते कोणी लिहिलं? दरबारातून हाकलल्या गेलेल्या माणसाने, नव्या सुलतानाने परत बोलवावं या आशेवर, आणि जुन्या सुलतानाबद्दल मनात न मिटलेलं काहीतरी घेऊन.

ते न मिटलेलं काय, हेही तो लपवत नाही. बंडामागून बंडं होत होती, सुलतान फौज घेऊन दख्खन-गुजरातेत फिरत होता, तेव्हा त्याने बरनीला जवळ बोलावून विचारलं: तू पुष्कळ इतिहास वाचले आहेस, तर राजाने कोणत्या गुन्ह्यांना मृत्युदंड द्यावा, याबद्दल आधीच्या राजांचं म्हणणं काय? बरनीने जुन्या इराणी राजांचे दाखले दिले. आणि मग तो लिहितो की माझ्या मनात होतं, सांगावं, ही सगळी बंडं तुमच्या कठोर शिक्षांमुळेच होत आहेत, थोडा हात आखडा. पण त्याच्या रागाची भीती वाटली. बोललो नाही. दुसऱ्या एका ठिकाणी तर तो आपल्यासकट सगळ्या विद्वान दरबाऱ्यांना दोष देतो. पैशाच्या लोभाने आणि जिवाच्या भीतीने आम्ही खरं बोललो नाही, आणि त्याचंच फळ या म्हातारपणी भोगतो आहे, असं त्याचं म्हणणं.

हा उतारा मी दर वर्षी वर्गात वाचून दाखवते. राजाने इतिहासकाराला सरळ प्रश्न विचारला आणि इतिहासकार गप्प बसला. ज्याला ही गोष्ट लपवता आली असती त्याने ती लिहून ठेवली. 'मुस्लिम तवारीखकार म्हणजे राजाचे भाट' असं सरसकट बोलणाऱ्यांनी हे पान एकदा तरी उघडावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तो भाटही होता. खुशामत करायची तिथे त्याने फिरोजशहाची मनसोक्त केली आहे. पण त्याच शाईने त्याने स्वतःची कबुलीही लिहिली.

आणि बरनीचा राग तर त्याच्या भक्तीपेक्षा जास्त कामाला येतो. महंमद तुघलकाने खालच्या जातीधंद्यांतली माणसं मोठ्या जागांवर बसवली, याचा त्याला भयंकर संताप. तो नावं घेऊन लिहितो. नजबा नावाचा गवई, फिरोज हजाम, मनका आचारी, लद्धा बागवान आणि पीरा माळी. हिंद-सिंधमधल्या नीचातल्या नीच माणसाला दिवाण-ए-वजारतीत, म्हणजे महसुलाच्या खात्यात, बसवलं, असं तो पीरा माळ्याबद्दल तडफडून म्हणतो. वाचताना अंगाला चटका बसतो. पण विचार करा, या माळ्याचं नाव आपल्यापर्यंत कोणी पोचवलं? कोणत्याही चाहत्याने नाही. बरनीला राग आला नसता तर चौदाव्या शतकात एक माळी दिल्लीच्या खजिन्याच्या हिशेबापर्यंत चढला, हे आपल्याला कधीच कळलं नसतं. तवारीख वाचताना लेखक कुठे दात-ओठ खातो तिथे मी खूण करते. बहुतेक वेळा तिथेच, त्याच्या इच्छेविरुद्ध, त्या काळातला बदल सांडलेला असतो.

आता मूळ प्रसंगाकडे येते. 'तुघलकी कारभार' हा शब्द आपल्याकडे वर्तमानपत्रापासून चहाच्या टपरीपर्यंत चालतो, आणि तो ज्या प्रसंगावर उभा आहे त्याची मुख्य साक्ष तीन माणसांची. बरनी एक. दुसरा इसामी, आणि तिसरा मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. १३२७ च्या सुमाराला दिल्ली देवगिरीकडे निघाली. देवगिरीचं नाव दौलताबाद झालं. का निघाली, याचं कारण तिघांचं तीन. बरनी म्हणतो, देवगिरी साम्राज्याच्या मधोमध, गुजरात, तेलंगण, माबर, बंगाल सगळं तिथून सारख्या अंतरावर, म्हणून. इब्न बतूता म्हणतो, दिल्लीची माणसं सुलतानाला शिव्यांची निनावी पत्रं लिहून रात्री दरबारात टाकत, म्हणून त्यांना शिक्षा. इसामीला वाटतं, सुलतानाचं दिल्लीकरांवर मनातूनच वैर होतं.

या तिघांत मला सगळ्यांत जवळचा वाटतो इसामी. एक तर त्याने लिहिलं ते इथे, दौलताबादेत. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. घर सुटलं तेव्हा तो सोळाएक वर्षांचा मुलगा होता. त्याचं घराणं पिढ्यानपिढ्या दिल्ली दरबारात मानाचं, आणि त्याला ज्याने वाढवलं तो आजोबा नव्वदीचा, घराबाहेर न पडणारा. त्या आजोबांना घरातून ओढून बाहेर काढलं. दिल्लीहून निघाल्यावर पहिला मुक्काम तिलपतला. तिथेच ते वारले, तिथेच पुरले, आणि काफिला पुढे निघाला. तिलपत आज फरीदाबादेत आहे, दिल्लीला जवळजवळ चिकटलेलं. चाळीस दिवसांच्या वाटेतला पहिला दिवससुद्धा म्हाताऱ्याला निभला नाही.

या मुलाने ते बावीस-तेवीस वर्षं मनात ठेवलं. लग्न नाही, मूलबाळ नाही, या गावात जीव रमला नाही, मक्केला निघून जावं असं वाटायचं. मग १३४९ च्या डिसेंबरात तो लिहायला बसला आणि १३५० च्या मे महिन्यात उठला. पाच महिन्यांत अकरा-बारा हजार बेतांचं, म्हणजे दोन-दोन चरणांच्या कडव्यांचं, काव्य, 'फुतूह-उस-सलातीन'. फिरदौसीचा शाहनामा, म्हणजे इराणी राजांचं फारसी महाकाव्य, समोर ठेवून, त्याच वृत्तात, हिंदुस्थानच्या सुलतानांची कथा. पाच महिन्यांत बारा हजार बेत माणूस रचतो तेव्हा ते आधी कित्येक वर्षं रात्री डोक्यात म्हटलेले असतात, असं मला वाटतं. त्यात दिल्ली सोडून निघालेले सहा काफिले आहेत, वाटेवर मेलेली माणसं आहेत, दहातला एक पोचला असा हिशेब आहे. सुलतान त्यात जुलमी तर आहेच, धर्मबुडवाही आहे.

हे वाचून डोळ्यांत पाणी येतं. आणि इथेच हात आवरून विचारावं लागतं की हे काव्य कोणाला अर्पण केलं? अल्लाउद्दीन हसन बहमनशहाला. १३४७ च्या ऑगस्टमध्ये याच दौलताबादेत महंमद तुघलकाविरुद्ध बंड करून जो गादीवर बसला, त्याला. ज्या नव्या राज्याचा जन्मच मुळी 'तुघलक जुलमी होता' या वाक्यावर उभा, त्या राज्याच्या पहिल्या राजाला हे काव्य वाचून दाखवायचं होतं. म्हणजे इसामीचं दुःख खरं आणि त्या दुःखाला बाजारात भावही होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. एक धरून दुसरी सोडली की आपण एक तर भाबडे होतो, नाहीतर निष्ठुर.

इब्न बतूताचं वेगळं. त्याच्या गोष्टी सगळ्यांना पाठ असतात. एक आंधळा दिल्लीत राहिला होता, त्याला दौलताबादेपर्यंत ओढत नेण्याचा हुकूम झाला आणि शेवटी फक्त त्याचा पाय पोचला. एक लुळा होता, त्याला मंजनिकातून, म्हणजे दगड फेकायच्या यंत्रातून, फेकला. रात्री सुलतान राजवाड्याच्या गच्चीवर चढला, कुठे दिवा नाही, धूर नाही, आणि म्हणाला, आता मन शांत झालं. या गच्चीच्या गोष्टीच्या आधी इब्न बतूता एक छोटंसं वाक्य टाकतो: विश्वासातल्या माणसाने मला सांगितलं. तो दिल्लीत आला १३३४ साली, म्हणजे घटनेनंतर सहा-सात वर्षांनी. आणि हे सगळं त्याने सांगितलं ते आणखी वीस वर्षांनी मोरोक्कोत, दुसऱ्याच्या हाताने लिहून घेत. आम्ही आलो तेव्हा शहर ओस होतं, असं तो म्हणतो. तोच, त्याच ग्रंथात, दिल्ली हे पूर्वेकडच्या इस्लामी जगातलं सर्वांत मोठं, भव्य शहर असंही म्हणतो. आणि त्या ओस शहरात त्याला काझीची नेमणूक मिळाली, वर्षाला १२,००० दिनार तनख्यावर. माणसंच नसलेल्या शहराला काझी कशाला लागेल?

तरीही मी त्याला खोटा म्हणणार नाही. स्वतः पाहिलेलं सांगताना तो फार बारीक पाहतो. दिल्ली-दौलताबाद रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं होती, बागेतून चालल्यासारखं वाटायचं, असं तो म्हणतो. नंदुरबारला त्याने मराठे पाहिले. कारागिरीत, वैद्यकीत, ज्योतिषात हुशार, भात, भाजी आणि तिळाचं तेल खाणारे, जिवांना इजा करणं न आवडणारे, अशी त्याने नोंद केली आहे. दौलताबादेत द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, हेही त्याने टिपलं. किल्ल्याच्या तळघरातले उंदीर, मांजरांहून मोठे आणि मांजरंच त्यांना भिऊन पळतात असे, आपण स्वतः पाहिले असं तो म्हणतो; तिथे कैदेत पडलेल्या एका सरदारावर ते चालून आल्याची गोष्ट मात्र त्या सरदाराच्या तोंडून ऐकली, असं सांगतो. पाहिलेलं आणि ऐकलेलं यांतला सांधा तो बहुतेक ठिकाणी स्वतः दाखवतो. आपण वाचताना तो सांधा गिळून टाकतो.

मग दिल्ली रिकामी झाली की नाही? इथे तवारिखा बाजूला ठेवून दगडाकडे जावं लागतं. दिल्लीच्या परिसरात १३२७-२८ च्या सुमाराचे संस्कृत शिलालेख सापडले आहेत. त्यांतला सरबन गावचा लेख मला फार आवडतो. हरियाणा नावाचा देश पृथ्वीवर स्वर्गासारखा आहे, तिथे तोमरांनी बांधलेली ढिल्लिका नावाची नगरी आहे, अशी त्याची सुरुवात, आणि मजकूर काय, तर एका व्यापारी कुटुंबाने विहीर खोदली. ज्या काळात बरनीच्या दिल्लीत कुत्रं-मांजर उरलं नव्हतं, त्याच काळात त्याच दिल्लीच्या शिवारात कोणीतरी पैसे खर्चून विहीर बांधत होतं, आणि गावाला स्वर्ग म्हणत होतं. जिथून उद्या उठायचं आहे तिथे कोणी विहीर खोदत नाही. हे आमच्या धरणग्रस्त घराला कोणी शिकवायला नको. गाव उठणार अशी आवई आल्यापासून वडिलांच्या गावात कोणी घराला साधा चुना लावला नव्हता. नाण्यांचंही तेच सांगणं. पुढच्या दोन-चार वर्षांत निघालेल्या तांब्या-पितळेच्या नाण्यांवर दिल्ली आणि दौलताबाद अशी दोन्ही टाकसाळींची नावं येतात.

आज बहुतेक अभ्यासक मानतात की हलले ते मुख्यतः वरच्या थरातले: अमीर, उमराव, उलेमा, सूफी, त्यांचे नोकरचाकर. दिल्लीचे वाणी, कुणबी, विहीर खोदणारे जिथल्या तिथे राहिले. म्हणजे बरनी खोटं बोलला का? माझं उत्तर असं की बरनीला जेवढी दिल्ली दिसत होती तेवढी खरोखरच रिकामी झाली. त्याच्या ओळखीचं प्रत्येक दार बंद झालं. त्याचा जिवलग दोस्त, कवी अमीर हसन, गेला तो परत आला नाही, त्याची कबर खुलताबादेत आहे. 'सगळे गेले' या वाक्यात 'सगळे' म्हणजे कोण, हा प्रश्न मी आता प्रत्येक तवारिखेला विचारते. बखरीलाही विचारते, आणि इंग्रजांच्या गॅझेटियरलाही.

कारण तवारीख आपल्यापर्यंत येताना वाटेत आणखी हात लागलेले असतात. बरनीचा फारसी मजकूर छापला तो १८६२ साली कलकत्त्यात, सय्यद अहमद खानांनी संपादून. पण कॉलेजच्या मुलांनी तो वाचला एलियट आणि डाऊसन यांच्या इंग्रजी वेच्यांतून. १८६७ ते १८७७ मध्ये निघालेले ते आठ खंड आजही प्रत्येक ग्रंथालयात आहेत, आणि मीही त्यांच्यावरच शिकले. एलियटने आपला हेतू उघड लिहिला होता: या इतिहासांवरून हिंदी प्रजेला आमच्या राज्याचे फायदे कळावेत. त्या हेतूने ज्याने कात्री चालवली त्याने काय ठेवलं असेल, हे सांगायला नको. लढाया, लूट, मूर्तिभंग आणि शिक्षा आल्या. बैठकी, कर्जं, विहिरी, भाकरी मागे राहिल्या. आपल्याकडे तवारिखांवरून भांडणारे दोन्ही बाजूंचे लोक बहुतेक वेळा एलियटच्या कात्रणावर भांडत असतात. सेतुमाधवराव पगडींसारख्या माणसाने मूळ फारसीत शिरून त्या ग्रंथांना मराठीत आणलं, त्याचं मोल म्हणूनच मला इतकं वाटतं. कात्रण वाचणं आणि पूर्ण माणूस ऐकणं यांत फरक आहे.

काळाचाही हात लागतो. याच हसन बहमनशहाची, म्हणजे हसन गंगूची, गोष्ट आपण ऐकलेली असते. दिल्लीच्या गंगू नावाच्या ब्राह्मणाकडे हसन चाकर, शेत नांगरताना त्याला मोहरांचा हंडा सापडला, त्याने तो इमानाने मालकाला दिला, ब्राह्मणाने भविष्य सांगितलं, आणि राजा झाल्यावर हसनने कृतज्ञतेने राज्याला बहमनी नाव दिलं. गोष्ट गोड आहे. ती सांगतो फिरिश्ता हा इतिहासकार, विजापुरात, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, म्हणजे अडीचशे वर्षांनी. हसनच्याच दरबारी काव्य अर्पण करणाऱ्या इसामीला या गंगूचा पत्ताच नाही. त्याच्या लेखी राजा इराणच्या बहमन राजाच्या वंशातला. आता वंशावळ ही तर राजे लोक नेहमीच जोडून घेतात, म्हणून इसामीचंही मी डोळे मिटून घेत नाही. पण अडीचशे वर्षांत दख्खनच्या लोकांना आपल्या पहिल्या सुलतानामागे एक ब्राह्मण मालक असावासा वाटला, ही गोष्ट मला हंड्याहून मौल्यवान वाटते. फिरिश्ता चौदाव्या शतकाचा कच्चा साक्षीदार आहे, आणि सोळाव्या-सतराव्या शतकातलं दख्खन कशा गोष्टी ऐकत होतं याचा फार पक्का.

खुलताबादला मी वर्षातून एकदा तरी जाते. दौलताबादचा घाट चढून गेलं की गाव लागतं. दिल्लीहून आलेले सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांची कबर इथे आहे, ते १३३७ साली वारले. त्यांचे उत्तराधिकारी झैनुद्दीन शिराझी इथेच. बुऱ्हाणुद्दीनांच्या शिष्यांनी त्यांचं रोजचं बोलणं टिपून ठेवलं. तशा टिपणांना मलफूजात म्हणतात. राजांच्या तवारिखांशेजारी ती ठेवून वाचली की आवाजच बदलतो. ज्या वर्षांत बरनीला जग बुडाल्यासारखं वाटत होतं, त्या वर्षांत इथे माणसं येऊन बसत होती, गुरूला काहीबाही विचारत होती. इसामीसुद्धा इथे आला की मऊ होतो. दिल्लीला सूफी संत निझामुद्दीनांचा आधार होता तसा देवगिरीला बुऱ्हाणुद्दीनांचा, असं तो म्हणतो. ज्या गावाने आपलं घर खाल्लं त्या गावाबद्दल त्याने एवढं तरी चांगलं लिहिलं.

हे सगळं डोक्यात घोळत असतानाच मी आमच्या गावाचे कागद काढायचं ठरवलं. भूसंपादनाचा निवाडा, घरांची यादी, झाडांची मोजणी. एका सरकारी कचेरीत आठ-दहा खेपा झाल्या, शेवटी झेरॉक्स हातात आली. कागद पिवळे, टाइप फिकट, कडा उंदरांनी खाल्लेल्या. आजीच्या गोष्टीत गाव एका दिवसात उठलं होतं. कागदात घरांचा ताबा घेतल्याच्या तारखा दोन वर्षांवर पसरल्या होत्या. आमचं घर यादीत बरंच वर, आधी उठलेल्यांत. सगळ्यांत शेवटी, पाणी यायच्या तोंडावर, वेशीबाहेरच्या अकरा झोपड्या होत्या. जमीन नसलेल्यांच्या. मोबदल्याच्या रकान्यात त्यांच्यापुढे आडवी रेघ.

मी ते आजीला वाचून दाखवलं. ती पलंगावर बसून वाती वळत होती. म्हटलं, आजी, तू मागं वळून पाहिलंस तेव्हा गावात माणसं होती. अकरा घरं होती. तिचा हात थांबला. मग ती एकेक नाव घेऊ लागली. कोणाची सून कोण, कोणाकडे शेळ्या किती, कोण बाळंतपणाला यायची. अकरातली नऊ घरं तिने बिनचूक सांगितली, कागदात नाहीत ती बायकांची नावंसुद्धा.

"व्हते की," ती म्हणाली. "ते कुठं जाणार व्हते?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मी झेरॉक्स गोळा करून पिशवीत ठेवायला लागले.

"आपली चिंच हाय का त्यात?"

मी झाडांची मोजणी पुन्हा काढली. गट नंबर शोधला, बोटाने ओळ धरली. लिंब ३, बाभूळ ७, चिंच १.

"हाय," म्हटलं. "चिंच, एक."

"एक कशी?" आजीने वात खाली ठेवली. "दोन व्हत्या. बांधावरची त्यांनी शेजाऱ्याच्या नावावर लावली. गोड ती व्हती."